मोफत चित्रकलेचे पाठ ऑनलाइन कुठे ठेवावेत? टिकाऊ मांडणीचे आठ टप्पे

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांच्या मुलांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घरबसल्या शिकता यावं म्हणून पाठ फुकट टाकणारे कलाशिक्षक मुंबईत बरेच आहेत. पाठ चांगले असतात. चुकतो तो क्रम. आधी चॅनेल उघडायचं, मग हाताला लागेल ते चढवायचं, लिंक सगळ्या ग्रुपांवर फिरवायची, आणि खातं बंद पडलं किंवा जागा भरली की मूळ फायली शोधायला लागायचं. तोवर फोन बदललेला असतो आणि जुना कधीच एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो.

खालच्या क्रमात पहिला अपलोड पाचव्या टप्प्यावर येतो. घाई असली तरी तो वर सरकवू नका. जागा निवडताना ‘इथे किती लोक येतात’ हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा की, उद्या इथून उठावं लागलं तर माझ्या हाती काय राहील?

टप्पा १: मूळ फायली एका जागी आणा

एक बाह्य हार्ड डिस्क घ्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बिलासकट घ्या, वॉरंटी लागते. तिच्यावर प्रत्येक पाठाचा वेगळा फोल्डर करा. फोल्डरमध्ये पायऱ्यांचे मूळ फोटो किंवा स्कॅन, संपादन झालेला पूर्ण दर्जाचा व्हिडिओ, मजकूर आणि साहित्याची यादी असावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो परत उतरवून घेतला तर तो मूळ नव्हे. तो वाटेत दाबला जातो आणि पेन्सिलीच्या कामात हे लगेच दिसतं. मडक्याच्या गोलाईवरची एचबीची हलकी रेघ आणि कार्ट्रिज पेपरचा पोत एकमेकांत मिसळतात, आणि जिथे छटा चढत जायला हवी तिथे सपाट राखाडी डाग उरतो. मुलं तोच डाग गिरवतात.

व्हिडिओच्या आकाराचा हिशेब आधीच करा. फोनवर १०८०पी (फुल एचडी) ला मिनिटाला साधारण १३० एमबी धरा. वीस मिनिटांचा पाठ अडीच जीबीच्या पुढे जातो. गुगलची मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली. पाच-सहा पाठांत खेळ खल्लास.

फायली साध्या प्रकारांत ठेवा: चित्रं जेपीजी किंवा पीएनजी, व्हिडिओ एमपी४, छापायचं साहित्य पीडीएफ. चित्रकलेच्या अ‍ॅपची स्वतःची फाइल जरूर ठेवा, पण जोडीला. ते अ‍ॅप दहा वर्षांनी उघडेल याची हमी कोणी देत नाही. फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशन-तंत्रात केलेले सुंदर पाठ ३१ डिसेंबर २०२० नंतर असेच मिटले.

आता मराठीची खास अडचण. जुन्या नोट्स डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमध्ये टाइप करून घेतलेल्या असतात. पीडीएफ डोळ्यांना बरोबर दिसते, पण आत युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखी कळणारी अक्षरपद्धत) नसतं. शोधयंत्राला ‘वस्तुचित्र’ हा शब्द तिच्यात सापडतच नाही. असा मजकूर चढवण्याआधीच युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकवतात, म्हणून नंतर एकदा नजरेखालून घालाच.

फायलींची नावं मात्र रोमन अक्षरांत, छोटी, मधे जागा न सोडता. देवनागरी नाव वेब-पत्त्यात गेलं की प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक काना-मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘छायांकन’सारख्या शब्दाचा पत्ता मेसेजमध्ये तीन ओळी खातो आणि मधेच तुटतो.

> तपासणी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. चिन्हांचा गोंधळ उमटला तर ती फाइल अजून तयार नाही.

टप्पा २: हक्क आणि परवाना

पाठ फुकट आहे म्हणून त्यात कुणाचंही चित्र वापरता येतं, असं नाही. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरून अभ्यासपाठ करायला २००५ पासून मोकळीक आहे. सा. ल. हळदणकर १९६८ मध्ये गेले. त्यांच्यासाठी २०२८ संपेपर्यंत थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. इंटरनेटवरून उचललेला संदर्भ-फोटो तर नकोच. तांब्या, कांदे आणि चुरगळलेला रुमाल घरात असतातच, फोटो आपणच काढावा.

विद्यार्थ्यानं काढलेल्या चित्रावर हक्क विद्यार्थ्याचा. उदाहरण म्हणून दाखवायचं असेल तर पालकांकडून दोन ओळींची लेखी संमती घ्या. मुलांचे चेहरे शक्यतो दाखवूच नका. हात आणि कागद दिसले की शिकवण्यापुरतं पुरतं.

मग तुमच्या पाठांवरचा परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे दुसऱ्यांनी कोणत्या अटींवर वापरावं ते आधीच सांगणारे तयार, ४.० आवृत्तीचे परवाने सोयीचे आहेत. ‘श्रेय द्या आणि याच अटींवर पुढे वाटा’ हा माझ्या मते कलाशिक्षकाला सर्वांत उपयोगी. ‘व्यापारी वापर नको’ ही अट बहुतेकांना आवडते, पण तिच्यामुळे विकिमीडिया कॉमन्सचं (विकिपीडियाच्या चित्रसाठ्याचं) दार बंद होतं, आणि फी घेणाऱ्या गावातल्या क्लासनं झेरॉक्स वाटणं चालेल की नाही यावर वाद उभा राहतो. फी घेणाऱ्यानं वापरलेलं खरंच खपत नसेल तरच ती अट घाला.

> सावधान: एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. पुढेमागे याच पाठांचं पुस्तक प्रकाशकाला द्यायचा विचार असेल तर आधी ठरवा.

परवान्याची ओळ पानावर असतेच; ती पीडीएफच्या तळाशी आणि व्हिडिओच्या शेवटच्या चौकटीतही घाला. फाइल पानापासून सुटी होऊन फिरते, तेव्हा तिच्यासोबत ओळ गेली पाहिजे.

टप्पा ३: स्वतःचं डोमेन

फुकट सेवेवरची जागा लिव्ह अँड लायसन्सच्या खोलीपेक्षा कच्ची असते. तिथे निदान अकरा महिन्यांचा कागद आणि महिन्याची नोटीस असते. टिकटॉक २९ जून २०२० ला भारतात बंद झालं तेव्हा तेवढीही मिळाली नाही. फोटोबकेट या चित्रं ठेवायच्या सेवेनं २०१७ मध्ये बाहेरच्या पानांवर चित्रं दाखवण्याला वर्षाला सुमारे चारशे डॉलर लावले आणि जगभरच्या पाठांतली चित्रं एका झटक्यात गेली. फ्लिकर या तशाच सेवेनं २०१९ मध्ये मोफत खात्याला १००० चित्रांची मर्यादा घातली. मुक्काम बदलावा लागणारच, हे गृहीत धरा. पत्ता, म्हणजे डोमेन, मात्र आपला ठेवा.

डोमेन नोंदवताना तीन गोष्टी पाहा. नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवी. ‘वेबसाइट करून देणाऱ्या मुलानं’ स्वतःच्या खात्यावर डोमेन घेतलं आणि तो नोकरीनिमित्त बाहेर गेला, ही मुंबईतल्या क्लासांची सर्वांत नेहमीची रड आहे. पैसे तुम्ही दिले होते, याचा तिथे उपयोग होत नाही. नोंदणीदार कंपनी त्यालाच मालक मानते.

नाव छोटं असावं, फोनवर सांगितलं तर ऐकणाऱ्याला लिहिता यावं. नावात दादर, गिरगाव घालू नका. क्लास उद्या डोंबिवलीला हलू शकतो. शेवटी डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. डॉट भारतवर देवनागरीत नाव घेता येतं आणि हौस म्हणून छान आहे, पण मुख्य पत्ता रोमनच ठेवा. सगळी अ‍ॅप देवनागरी पत्ता नीट हाताळत नाहीत.

पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका; नूतनीकरणाचा भाव विचारा, दरवर्षी तोच भरायचा आहे. ऑटो-पेवरही विसंबू नका. आवर्ती पेमेंटबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, तेव्हापासून परदेशी कंपन्यांचे आपोआप कापले जाणारे पैसे अडकण्याचे प्रकार होतात. मेल येतो, तो जीमेलच्या प्रमोशन्समध्ये पडतो, डोमेन जातं. एकदम पाच वर्षांचे भरून टाका. दहा वर्षांपर्यंत भरता येतात.

> तपासणी: डोमेनच्या खात्यात तुम्ही स्वतः, कुणालाही ओटीपी न विचारता, आत शिरू शकता का? शकत नसाल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ४: जागा निवडा

इथे लोक एकच जागा शोधतात. तशी जागा नाही. पानं, व्हिडिओ आणि छापायच्या फायली यांच्या गरजा वेगळ्या, म्हणून त्यांचे मुक्कामही वेगळे.

*पानं.* पायऱ्यांची चित्रं आणि मजकूर हा पाठाचा कणा, आणि तो तुमच्या डोमेनवरच हवा. पर्याय तीन.

गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर साधी स्थिर पानं ठेवता येतात. दोन्ही फुकट, दोन्ही तुमचं डोमेन स्वीकारतात. गिटहबवर साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते. चित्राची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणली तर एक चित्र साधारण ३०० केबीचं होतं. बारा पायऱ्यांचा पाठ साडेतीन एमबीत बसतो आणि एका जीबीत अडीचशेहून जास्त पाठ मावतात. आयुष्यभराचे पुरतील. पहिल्यांदा शिकायला थोडा त्रास होतो, घरातल्या कॉलेजवाल्या पोराला हाताशी घ्या. खातं मात्र तुमचं.

गुगलचं ब्लॉगर ज्यांना झेपतं त्यांनी तेच घ्यावं, कमीपणा मानू नये. डोमेन जोडता येतं, देखभाल शून्य. खोच एकच आहे. त्याच्या बॅकअप फाइलमध्ये मजकूर येतो, चित्रं येत नाहीत, चित्रांचे फक्त पत्ते येतात. पहिला टप्पा नीट केला असेल तर याचं काही वाटणार नाही.

विकतच्या होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर स्वतः बसवा, हा सल्ला सगळे देतात. मी देत नाही. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन (जोड-सुविधा) सतत अद्ययावत ठेवावे लागतात. परीक्षेच्या हंगामात तीन महिने तिकडे फिरकला नाहीत की कुणीतरी आत शिरतं आणि तुमच्या संकल्पचित्राच्या पानावर जुगाराच्या जाहिराती लागतात. दरमहा लक्ष घालणारा माणूस असेल तरच.

*व्हिडिओ.* यूट्यूबला पर्याय नाही, कारण मुलं तिथेच शोधतात. पण यूट्यूब म्हणजे काच-कपाट, गोदाम नव्हे. तुम्ही एक रुपया कमवत नसलात तरी ते तुमच्या व्हिडिओवर जाहिराती लावू शकतात. २०२१ पासून त्यांच्या अटीच तशा आहेत. नव्वद दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (उल्लंघनाच्या नोंदी) आले तर चॅनेल जातं. चित्रीकरण चालू असताना गणपतीच्या मंडपातलं सिनेमाचं गाणं मागे वाजत असेल तर ते ओळखलं जाऊन दावा लागू शकतो. भाद्रपदात खिडकी बंद करून चित्रीकरण करा, नाहीतर मूळ आवाज काढून वरून निवेदन घाला. यूट्यूब स्टुडिओतून स्वतःचाच व्हिडिओ परत उतरवला तर तो ७२०पी किंवा ३६०पी मिळतो, म्हणून ‘यूट्यूबवर आहे की’ हा बॅकअप नव्हे.

‘मुलांसाठी बनवलेला’ ही खूण विचारपूर्वक करा. ती केली की प्रतिक्रिया बंद होतात आणि प्रेक्षकाला तो व्हिडिओ स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये साठवता येत नाही. पाचवीतल्या मुलांसाठीच पाठ असेल तर खूण करणं भागच आहे, लपवाछपवी नको. मग शंका विचारायची सोय पानावर द्या.

तोच व्हिडिओ इंटरनेट आर्काइव्हवरही चढवा. ही १९९६ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था आहे, खातं फुकट, जाहिराती नाहीत. तुमच्या पानावर यूट्यूबची चौकट आणि तिच्याखाली आर्काइव्हची लिंक ठेवली की उद्या चॅनेल गेलं तरी फक्त चौकट बदलायची. मुलांकडची लिंक तीच राहते.

*छापायच्या फायली.* लहान पीडीएफ पानांसोबतच ठेवा. गुगल ड्राइव्हची लिंक देऊ नका. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेकडो मुलं एकदम आली की डाउनलोडची मर्यादा संपल्याचा संदेश येतो, आणि नेमका तेव्हाच.

इन्स्टाग्राम, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप या वर्दी देण्याच्या जागा. पाठ तिथे ठेवू नका. लॉगिन नसलेल्या मुलाला इन्स्टाग्रामवर धड दोन पानंही पाहता येत नाहीत.

टप्पा ५: एकच पाठ चढवा आणि बाहेर पडून बघा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. एकच पाठ निवडा, सर्वांत जास्त चित्रं असलेला. तो सगळ्या जागी चढवा. मग असं समजा की आज ही सेवा बंद झाली. तिच्या ‘एक्सपोर्ट’मधून जे मिळतं ते वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, इंटरनेट बंद करा आणि फोल्डर उघडा. चित्रं दिसतात का? क्रम तोच आहे का? मराठी शाबूत आहे का? यातलं जे तुटलं त्याची मूळ प्रत तुमच्या डिस्कवर आहे ना, ते पाहा.

दुसरी परीक्षा वाचकाच्या बाजूने. साध्या फोनवर, वायफाय बंद करून, लॉगिनशिवाय पान उघडा. लोकलमध्ये, दोन स्टेशनांच्या मधे उघडून पाहिलंत तर उत्तमच. पहिलं चित्र लवकर दिसलं नाही तर चित्रं अजून जड आहेत. फोनमधून थेट घेतलेला चार एमबीचा फोटो बारा वेळा म्हणजे ४८ एमबी. पालघरच्या आत राहणारं पोर तेवढं थांबणार नाही.

> सावधान: चित्र हलकं करताना छायांकनाचा बारकावा मरतो का, ते फोनवर मोठं करून बघा. गडद भाग नव्हे, सर्वांत हलकी छटा तपासा. आधी तीच जाते.

टप्पा ६: बाकीचे पाठ, लिंका आणि क्यूआर

आता पटापट चढवा. प्रत्येक पाठाचा पत्ता एकदा ठरला की बदलू नका. पाठ सुधारला तर त्याच पत्त्यावर सुधारा, ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशी पानं नकोत.

मुलांना, शाळांना, छापील पत्रकावर द्यायची लिंक नेहमी तुमच्या डोमेनची, यूट्यूबची नव्हे. लिंक छोटी करणाऱ्या सेवाही नकोत. खुद्द गुगलनं आपली अशी सेवा बंद केली आणि २०२५ मध्ये तिच्यातल्या न वापरल्या गेलेल्या लिंका मोडीत काढल्या.

क्यूआर कोडचं तसंच. ‘फुकट डायनॅमिक क्यूआर’ देणाऱ्या सेवा आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतात आणि तिथून तुमच्याकडे. चाचणीची मुदत संपली की स्कॅन करणाऱ्याला वर्गणीचं पान दिसतं, आणि तोवर तुम्ही पाचशे पत्रकं छापून वाटलेली असतात. स्थिर क्यूआर काढा, ज्यात थेट तुमचाच पत्ता भरलेला असतो. स्कॅन केल्यावर पान उघडण्याआधी फोन पत्ता दाखवतो, तिथे तुमचं डोमेन दिसलं पाहिजे.

टप्पा ७: प्रती

प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात. पहिली डिस्क तुमच्याकडे, दुसरी बहिणीकडे किंवा मित्राकडे, तिसरी इंटरनेट आर्काइव्हवर. एकट्या आर्काइव्हवर भिस्त नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर तेही काही दिवस बंद होतं. पानांची नोंद वेबॅक मशीनमध्ये (आर्काइव्हचाच वेब-पानांच्या जुन्या प्रतींचा साठा) करून घ्या: पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, झालं.

मुंबईच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते, डिस्कच्या जोडणीलाही दमट हवा मानवत नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. तळमजल्यावर राहत असाल तर डबा माळ्यावर. पेन ड्राइव्हला प्रत म्हणू नका.

टप्पा ८: किल्ल्या कुणाकडे

दोन वर्षं न वापरलेलं गुगल खातं काढून टाकलं जाऊ शकतं. आजारपणात दोन वर्षं सहज जातात. गुगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून दहा जणांपर्यंत नावं देता येतात. दोन द्या: एक घरातलं, एक माजी विद्यार्थी.

ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रिचार्ज चालू ठेवा, सोडून दिलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. द्विस्तरीय सुरक्षेचे बॅकअप कोड छापून, डोमेन कंपनीचं नाव आणि मुदतीची तारीख त्याच कागदावर लिहून, तो घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. कागद कुठे आहे ते त्या दोघांना सांगा.

वर्षातून एकदा, रेखाकला परीक्षा संपल्या की, तास-दीड तास काढा. दोन्ही डिस्का लावून प्रत्येकीवरचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, नुसती नावं बघू नका. पाच पानं अनोळखी फोनवर उघडा. तुटलेल्या लिंका दुरुस्त करा. डोमेनची मुदत दोन वर्षांहून कमी उरली असेल तर तिथेच बसून वाढवा.